मेथीच्या वासाची टोपली

शुक्रवार

दुपारी लेक नातीला सोडून गेली. आता आठ दिवस ती माझ्याकडे. बाहेर ४३ अंश, सोलापूरच्या आमच्या बाळीवेसेत रस्त्यावर चिटपाखरू नाही. माठातलं पाणी प्यायली, पंख्याखाली फतकल मारून बसली आणि पिशवीतून एक पाकीट काढलं. आइस्क्रीमच्या काड्या, चकाकीच्या डब्या, रंगीत फोम, डिंकाची बाटली. शाळेनं सुट्टीत 'टाकाऊपासून टिकाऊ' वस्तू करून आणायला सांगितली आहे, त्याचं हे सामान. सगळं कोरं करकरीत, आजच दुकानातून आणलेलं. एकाही काडीवर कधी आइस्क्रीम लागलेलं नाही.

मला खरंच वाईट वाटलं. पोरीचा काय दोष? तिला वाटतं, वस्तू करायची म्हणजे आधी बाजारात जायचं.

मी म्हटलं, "हे राहू दे बाजूला. आधी घरात काय आहे ते बघू." स्टूल लावून माळ्यावर चढले. पितळी समई, फुटका कंदील, जुन्या चादरींचं गाठोडं, आणि त्याच्यामागं आईची टोपली. कागदाच्या लगद्याची, गेरूनं सारवलेली, वर खडूचे पांढरे ठिपके. आईला जाऊन तीन वर्षं झाली, टोपलीला पन्नास झाली असतील. नाकाशी धरली तर अजून मेथीचा वास येतो. नातीनंही हुंगली आणि म्हणाली, "आजी, ही भाजीची आहे का?"

आतून आईनं कागद चिकटवलेला. उजेडाकडं तोंड केलं तर पेन्सिलीची अक्षरं दिसली. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. माझंच चौथीतलं अक्षर, माझ्याच वहीची पानं. या टोपलीत वाती, कापूस, सुईदोरा असायचा. रोज संध्याकाळी आई त्यात हात घालायची आणि हे मला आजवर दिसलं नव्हतं.

नात म्हणाली, "मला अशी करायची." बरं, मग हेच करू.

शनिवार

आज पाणी आलं. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून कामंही पाण्याच्या दिवसावर बांधलेली असतात. पिंप, हंडे, कळश्या भरून झाल्यावर एक बादली कागदासाठी ठेवली.

महिन्याच्या रद्दीतली थोडी घेतली. चकचकीत पुरवण्या बाजूला काढल्या, त्या धड भिजत नाहीत. नात कात्री घेऊन बसली होती, ती मी काढून घेतली. कागद कापायचा नाही, फाडायचा. कापला की कड गुळगुळीत राहते. फाडला की तंतू मोकळे होतात, तिथूनच पाणी आत शिरतं आणि पुढं तेच तंतू एकमेकांत गुंततात. तिनं एक गोष्ट आपणहून शोधली, मला फार कौतुक वाटलं: वर्तमानपत्र वरून खाली फाडलं की सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की भलतीकडंच जातं. तिला सांगितलं, कागद यंत्रावर बनताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेनं झोपतात. माझे वडील गिरणीत सायझिंग खात्यात होते, ते कापडाबद्दल असंच समजावून सांगायचे. उभा धागा, आडवा धागा, कशाला किती ताण. त्यांच्या खात्यात मागावर चढण्याआधी उभ्या सुताला खळ पाजतात, म्हणजे ते घासून तुटत नाही. घरी आई मैद्याची खळ शिजवायला बसली की वडील जवळ येऊन बोटांवर चिकटपणा बघायचे. "अजून एक कढ येऊ दे." एवढंच बोलायचे, पण हमखास बोलायचे.

संध्याकाळपर्यंत बादलीतलं पाणी राखाडी झालं.

रविवार

कागद भिजतोय, त्याला तीन दिवस तरी हवेत. तेवढ्यात समोरच्या अक्कांचा भाचा मंगळवेढ्याकडून आला. त्याच्या गाडीत कडब्याची पेंढी होती. मी चार चिपाडं मागून घेतली. तो हसला, पण दिली.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. पावसाळा सरल्यावर पेरलेली, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढलेली. कणसं आपल्या भाकरीला, ताटं गुरांना, आणि त्यातलं एखादं आमच्यासारख्या पोरांना. पंढरपूरकडच्या आजोळी आम्हाला खेळणं म्हणून वेगळं काही कुणी आणून दिल्याचं आठवत नाही. एकदा संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर, पत्र्याची गाडी बघून मी रडून आकांत केला होता. त्या वर्षी आजोबा यात्रेच्या मिरवणुकीतले नंदीध्वज बघायला गावाकडून आले होते. ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हशीच्या पुढ्यातलं एक चिपाड उचललं, ओट्यावर बसले, आणि दिवेलागणीच्या आत माझ्या हातात बैलजोडीसकट गाडी दिली.

तीच गाडी आज केली. दोन पेरांमधला सरळ तुकडा घ्यायचा. वरचं टणक साल उभं सोलायचं. आम्ही दातानं सोलायचो, नातीला मी सुरीनं सोलून दिलं. आत राहतं ते भेंड, पांढरं, हलकं, दाबलं की दबणारं. सालाच्या बारीक काड्या करायच्या, टोकं तिरपी कापायची. ती काडी भेंडात खुपसली की भेंड तिला असं धरतं की ओढूनही निघत नाही.

नात डिंकाची बाटली घेऊन उभी. "कुठं लावू?"

"कुठंच नाही."

तिचा विश्वास बसेना. मी गाडीचा साटा, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, जोडून दिला, तिनं हलवून बघितला, उलटा धरला, वरून पाडला. सुटला नाही. मग तिनं बाटली स्वतःच आत ठेवून दिली.

चाकाला वेळ लागला. सालाची लांब पट्टी हलक्या हातानं वाकवून गोल करायची, मधे भेंडाचा तुंबा, त्यातून सहा काड्या बाहेर काढून पट्टीला टेकवायच्या. पट्टी पाण्यात बुडवून वाकवली तर मोडत नाही. हे मी विसरले होते, दोन पट्ट्या मोडल्यावर आठवलं. आसाला बाभळीचा काटा हवा, तोही अक्कांनी कुठूनसा आणून दिला. बैलांना सालाचीच वाकडी शिंगं. एकदा सालाच्या धारेनं नातीचं बोट कापलं, हळद दाबली, रडली नाही. सालाची धार पात्यासारखी असते, लहान पोराच्या हाती सोलायचं काम देऊच नये.

चाकं फिरतात. फरशीवर खरखर आवाज करत गाडी स्वयंपाकघरापर्यंत गेली. पोरगी तिच्यामागं गुडघ्यांवर चालत होती, आणि दिवसभरात एकदाही "मोबाईल दे" म्हणाली नाही.

झोपताना एक वाटी मेथी भिजत घातली. पण कागद अजून तयार नाही, म्हणून ती उद्या वाटून फडक्याखाली ठेवायची.

मंगळवार

आज टोपली थापली.

सकाळी लगदा पिळून पाट्यावर घेतला. मिक्सर वापरता येतो, पण भरपूर पाणी घालून आणि थोडा थोडा, नाहीतर पातं अडकतं आणि मोटर जळते. पाटाच बरा. नातीनं वरवंटा धरला, तिच्या हातांवर माझे हात. कागदाची अक्षरं गेली आणि करडी कणीक झाली. मग वाटलेली मेथी मिसळली. मेथी भिजली की बुळबुळीत होते, तोच तिचा चिकटपणा. आणि कडूपणामुळं किडा लागत नाही. अक्का दारातून बघत होत्या. "मेथी कमी पडायली बघ. गोळा फुटायला." त्यांचं बरोबर होतं. मुठीत दाबलेला गोळा चिरा न पडता राहिला पाहिजे. आणखी मेथी दळून घातली.

पातेलं पालथं ठेवलं, त्यावर जुन्या लुगड्याचा ओला तुकडा, म्हणजे वाळल्यावर टोपली सुटून येते. मग लगदा थापायचा. भाकरी थापतो तसाच हात, फक्त पातेल्याच्या अंगावरून वर न्यायचा. नातीच्या बाजूला जाड, माझ्या बाजूला पातळ होत होतं. शेवटी तिनंच बोट खुपसून खोली मोजायची युक्ती काढली: बोटाचं अर्धं पेर बुडलं पाहिजे, सगळीकडं तितकंच.

अक्का उंबऱ्यावर बसून त्यांच्या आईच्या कौदीबद्दल बोलत होत्या. आपण गोधडी म्हणतो, वाकळ म्हणतो, त्या कौदी म्हणतात. जुन्या इरकलीचे काठ बाजूनं लावायचे, मधे नवऱ्याची धोतरं. कुणाचं काय कुठं आहे ते त्यांना अजून पाठ आहे.

टोपली गच्चीच्या जिन्यात सावलीत ठेवली. आधी एक दिवस सावली, मग ऊन.

बुधवार

तडा गेला.

मी दुपारी पडले होते. पोरीला घाई झाली, तिनं टोपली उचलून भर बाराच्या उन्हात गच्चीवर नेऊन ठेवली. बाहेरचा लगदा झपाट्यानं सुकून आवळला, आतला ओलाच राहिला, आणि काठापासून बोटभर लांब चीर. मला उठवायला आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता.

मी रागावले नाही. बाजूला काढलेला लगदा फडक्यात ओला होता, त्यात आणखी थोडी मेथीची पेस्ट घातली, चीर आधी पाण्यानं ओली केली आणि बोटानं आत दाबून भरली. कोरड्यावर ओलं चिकटत नाही, म्हणून आधी ओलं करायचं. पुन्हा जिन्यात.

गुरुवार

आज सकाळी टोपली पातेल्यावरून सुटली. लुगड्याचा तुकडा धरून हलकेच ओढला आणि ती अलगद हातात आली. आतून अजून दमट होती, ती तोंड वर करून उन्हात ठेवली. आता ऊन चालतं. आमच्या उन्हाला सगळे शिव्या देतात, पण हे काम पावसाळ्यात करून बघा, लगद्यावर बुरशी चढते. आई दर वर्षी मे महिन्यातच करायची.

बूड गोल, त्यामुळं टोपली डुलत होती. चुंबळ हवी. माळ्यावरचं चादरींचं गाठोडं सोडलं. त्यातली एक माझ्या लग्नातली, मधे विरून जाळी झालेली, पण काठ शाबूत. सोलापुरी चादर उलटी केली की नक्षी तीच, रंग मात्र अदलाबदल: इकडं लाल जमिनीवर पांढरं, तिकडं पांढऱ्यावर लाल. नातीला हे ठाऊकच नव्हतं, ती दहा वेळा उलटसुलट करत बसली. विरलेला भाग पायपुसण्याला ठेवला, काठाच्या तीन लांब पट्ट्या फाडल्या, तिची वेणी घालतो तशी वेणी घातली, गोल वळवून टाके घातले. टोपली त्यावर बसली ती हलेना.

लाल-पांढऱ्या चुंबळीवर करडी टोपली बघून मला वाटलं, रंग देऊच नये. पण पोरीला गेरू हवा होता.

शुक्रवार

गेरू कालवून दोन हात दिले. तुळशीच्या कट्ट्यासाठी आणलेला होताच. ठिपके खडूनं, नऊ ते पाच, आडवेतिडवे. ती शेवटी थकली आणि एका बाजूला ठिपके मोठे झाले, ते तसेच राहू दिले.

मैद्याची खळ शिजवली. आई चिमूटभर मोरचूद घालायची, कागदाला कसर लागू नये म्हणून. ते विष, पोर जवळ असताना नको, मी तुरटी घातली. एक कढ जास्तच येऊ दिला. मग आतून कागद लावायचा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई हाताला लागत राहते. नातीनं आईची टोपली शेजारी ठेवून बघितली, पुन्हा पाढा वाचला, आणि विचारलं, "आजी, तुझं अक्षर असलेलं काही आहे?"

घरात माझ्या अक्षरात दुधाचा हिशेब आहे आणि ही वही आहे. तिला दुधाचा हिशेब नको होता. सोमवारी रात्री मी आईबद्दल बरंच लिहिलं होतं, दोन्ही बाजूंनी, समासातसुद्धा. बॉलपेननं लिहिते, त्यामुळं खळीनं अक्षर फुटलं नसतं. ते पान मी काळजीपूर्वक, वरून खाली, सरळ फाडून दिलं. तिनं त्याच्या पट्ट्या केल्या आणि तळापासून एकेक लावत गेली. मधेच थांबून एक ओळ वाचली, मग माझ्याकडं बघितलं, पण काही विचारलं नाही.

उद्या सकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं ती जाईल. टोपली मांडीवर घेऊन बसणार आहे, चुंबळीसकट. फोमचं पाकीट इथंच राहिलंय. सोमवारचं पान आता वहीत नाही.