तुम्ही विचारलंत म्हणून: रक्तातलं डायॉक्सिन

मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये होतो हे आमच्या दांडिया बाजारात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे हा प्रश्न मला हमखास येतो, की अहो गल्लीच्या टोकाला पहाटे प्लॅस्टिक जाळतात, त्या धुरातलं डायॉक्सिन नावाचं विषारी द्रव्य आपल्या रक्तात किती गेलं हे कुठे तपासून मिळेल? परवा तर शेजारच्या काकू उपाशीपोटीच आल्या, सॅम्पल द्यायच्या तयारीने.

नेहमीच्या पॅथॉलॉजीवाल्याकडे हे होत नाही हो. शुगरला बोटाचा थेंब पुरतो, इथे मोजायचं असतं पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केलेत तर त्यातला एक! रक्त भरपूर लागतं, मशीन महागडं, आणि साधी काचेची बाटली नीट धुतलेली नसली तरी आकडा बिघडतो. त्यातून डायॉक्सिन ही एक वस्तू नाहीच, १७ डायॉक्सिन आणि त्यांची भावंडं फ्युरान, आणि त्यांच्यासारखेच वागणारे १२ पीसीबी (क्लोरीनवाली तेलकट रसायनं), प्रत्येकाचं विष कमीजास्त, म्हणून प्रत्येकाला गुणक लावून बेरीज करतात आणि तिला टीईक्यू, म्हणजे सगळ्यांचं मिळून एकूण विष, म्हणतात.

काकू म्हणाल्या, मग लघवी चालेल का. नाही चालत, कारण हे द्रव्य तुपात मुरतं, पाण्यात नाही. रक्तातही ते चरबीच्या अंशात बसतं आणि लिटरभर सीरममध्ये (गोठलेल्या रक्तावर उरणाऱ्या पातळ पाण्यात) ती असते जेमतेम पाच-सहा ग्रॅम, श्रीखंड-पुरी झाली की तीही चढते, म्हणून रिझल्ट दर ग्रॅम चरबीमागे देतात. उपाशी यायचं काकूंचं मात्र बरोबर होतं! आईच्या दुधात चरबी तीन-चार टक्के आणि सुई टोचायची गरज नाही, म्हणून जगभरच्या सर्व्हेत दूधच गोळा करतात. हे ऐकून माझी भाची घाबरली, बाळाला पाजू की नको. पाज गं बाई, डब्ल्यूएचओसुद्धा पाजाच म्हणते.

इटलीत सेव्हेसोला १९७६ मध्ये कारखान्यातून टीसीडीडीचा, म्हणजे सगळ्यांत विषारी डायॉक्सिनचा, ढग सुटला, तेव्हा रक्तात एवढं बारीक मोजायची सोयच नव्हती, पण कोणीतरी शहाण्याने सीरम फ्रीझरमध्ये ठेवून दिलं आणि बऱ्याच वर्षांनी ते तपासलं तर एकात दर ग्रॅम चरबीत ५६,००० पिकोग्रॅम! मला तो फ्रीझरच जास्त आवडतो.

आता खरी गोम. टीसीडीडी शरीरात निम्मं व्हायलाच सातेक वर्षं जातात आणि आपल्यात येतं ते ९० टक्क्यांहून जास्त खाण्यातून, दूध-मांस-मासळीतून, म्हणजे आज जो आकडा निघेल तो गेल्या कित्येक वर्षांच्या जेवणाचा, पहाटेच्या धुराचा वेगळा काढताच येणार नाही. आणि आकडा आला तरी तो उतरवायची गोळी डॉक्टरकडे नाही. (म्हणून कचरा जाळू द्यावा असं नाही, त्यासाठी वॉर्डात तक्रार करा, रक्त कशाला देता.)

काकू म्हणाल्या, मग आता उपाशी आलेच आहे तर? म्हटलं शुगर करून या. १६८ निघाली.