कोरी वही आणि दहा गुण

परवा गुण भरायचे आहेत आणि यादीतला एक रकाना अजून रिकामा आहे.

मी पदवीच्या मुलांना धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवते. त्यात लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ, दोन तासांत उरकायचा असतो. ‘चाळीस दिवस’ मुलांनी कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून मी त्यांनाच मोजायला लावते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस भरतात. ‘मॅडम, चुकलं तुमचं!’ मग मी मधले सहा रविवार खोडते. रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नसतो. या हिशेबाचा मला जरा गर्वच आहे. 2018 आणि 2024 साली राखेचा बुधवार नेमका 14 फेब्रुवारीला आला होता, हे सांगितलं की शेवटचा बाकही जागा होतो.

मग राख. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, झावळ्या जाळून ती करतात आणि राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात. गंमत अशी की त्याच दिवशी कॅथलिक चर्चमध्ये बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायातला उतारा वाचतात: उपवास कराल तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. कपाळावर राख आणि कानावर हे! हा विरोधाभास मी दरवर्षी रंगवून सांगते.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण हल्ली प्रत्येक धड्याला ‘अनुभवाधारित उपक्रम’ जोडावा लागतो आणि अनुभवाचेही गुण मोजावे लागतात. (हे तक्ते आखणाऱ्यांनी शेवटचा तास कधी घेतला, देव जाणे.) मी सांगितलं, श्रद्धेची अट नाही, चाळीस दिवस एक गोष्ट सोडा आणि रोज चार ओळी लिहा. नियमितता चार, चिंतन चार, मांडणी दोन.

वह्या आल्या. बहुतेकांनी मोबाइल नाहीतर गोड सोडलं होतं. एकीने वजनाचा तक्ता जोडला होता. रविवारची सवलत मात्र एकानेही चुकवली नव्हती. माझं गणित तेवढं पक्कं बसलं होतं.

एक वही कोरी. पहिल्या पानावर फक्त ‘मत्तय 6:16-18’.

आळशीपणा समजून मी त्याला बोलावलं. मुलगा ख्रिस्ती नाही, एरवी फारसा बोलतही नाही. म्हणाला, ‘मॅडम, कुणाला कळू द्यायचं नाही असं तुम्हीच वाचून दाखवलंत. मग लिहून कसं देऊ?’

‘म्हणजे काहीतरी सोडलं होतंस?’

तो नुसता हसला.

स्टाफरूममध्ये एकांनी ‘सरळ शून्य, पोरं आपल्याला बनवतात’ असा निकाल दिला. त्यांना सगळीच पोरं बनवतात. दुसऱ्या म्हणाल्या, ‘पूर्ण दहा दे, धडा त्यालाच कळलाय.’ मलाही ते पटलं होतं. घरी येऊन उतारा पुन्हा काढला. दाखवण्यासाठी उपवास करणाऱ्यांबद्दल तिथे म्हटलंय की त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे. म्हणजे दहा दिले तर मी त्याला नेमकं तेच देणार. आणि त्याने खरंच काही केलं नसेल, तर एका ओळीचे दहा!

दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, ‘शून्य दिलं तर चालेल?’

‘चालेल, मॅडम.’

इतक्या शांतपणे म्हणाला की मला रागच आला. रकान्यात पेन्सिलीने सात लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. कागद तिथे पातळ झालाय.