प्रश्नपेटी रिकामी का राहते

वयात येण्याविषयीच्या तासाला ‘काही शंका असतील तर विचारा’ म्हटलं की नववीचा वर्ग माना खाली घालतो. सातारा असो की तासगाव, हे ठरलेलं. म्हणून निनावी चिठ्ठ्यांची प्रश्नपेटी. पण पेटी ऑफिसच्या दाराशी ठेवली तर महिनाभर रिकामीच राहते, कारण चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो.

त्यापेक्षा वर्गातच एका मापाचे कागद वाटावेत. वहीच्या पानाचा चौथा भाग पुरतो. प्रत्येकाने लिहायचंच, प्रश्न नसेल त्याने काल रात्री काय जेवलो ते लिहावं. सगळ्यांचीच पेनं चालली की कोण काय विचारतंय याचा पत्ता लागत नाही. चिठ्ठ्या वर्गशिक्षकांनी उघडू नयेत, त्यांना अक्षर ओळखू येतं. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात मैत्री क्लिनिक, म्हणजे किशोरवयीन मुलामुलींसाठीचा सल्ला-दवाखाना, असेल तर तिथल्या समुपदेशकांना बोलवावं. उत्तरं पुढच्या तासाला. मधल्या वेळेत चिठ्ठ्या निवडून होतात.

मुलांचा हमखास प्रश्न: ‘स्वप्नदोषाने कमजोरी येते का?’ येत नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही, शब्दातच दोष बसलाय. वयात आल्यावर वीर्य सतत तयार होतं आणि कधी झोपेत बाहेर पडतं, एवढंच. ‘झोपेत वीर्य येणं’ असं सरळ म्हणावं. स्टँडजवळच्या भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिराती या एका शब्दावर पोट भरतात.

मुलींचा प्रश्न अनियमित पाळीचा. सुरुवातीची एक-दोन वर्षं 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं. 90 दिवस पाळी आलीच नाही, किंवा दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, तर डॉक्टर गाठावा.

एक चूक भल्याभल्यांकडून होते: ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देणं. ते पाळता येत नाही. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा कागद वाटण्याआधीच सांगावं, ‘नाव विचारणार नाही, पण कुणाला त्रास होतोय असं कळलं तर मदत आणावी लागेल.’

आणि समजा चिठ्ठीत आलं, ‘काका आले की घरी जावंसं वाटत नाही.’ ती मोठ्याने वाचायची नाही, फाडायचीही नाही. फळ्यावर 1098 हा मुलांच्या मदतीसाठीचा फोन नंबर लिहून सगळ्या वर्गाला तो वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यायला लावायचा. शाळा सुटल्यावर समुपदेशक कुठल्या खोलीत अर्धा तास बसणार, तेही त्याच्याखाली.