शिरोलीच्या फाउंड्रीत मीटर बोलते करताना : माझा अनुभव

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम फाउंड्रीत मी देखभाल विभाग सांभाळतो. दोन इंडक्शन भट्ट्या, एक स्क्रू कॉम्प्रेसर, ओतीव भाग साफ करणारी शॉटब्लास्टिंगची दोन यंत्रे आणि वाळू विभाग यांची वीज मोजण्यासाठी आमच्याकडे सहा ऊर्जामीटर होते. परंतु ते तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे असल्याने आकडे पाहायला तीन अ‍ॅप उघडावी लागत. दोन्ही भट्ट्या पूर्ण जोरात असताना कोणी शॉटब्लास्ट सुरू केले की आमची मागणी वीज कंपनीशी करारात ठरलेल्या केव्हीएच्या, म्हणजे कमाल वीजमागणीच्या, पुढे जाई आणि त्याचा भुर्दंड महिनाअखेरच्या बिलात दिसे. एकूण मागणी त्या क्षणी एका पडद्यावर दिसावी, एवढीच मालकांची अपेक्षा होती.

यापूर्वी एका पुरवठादाराकडून आम्ही तयार गेटवे, म्हणजे मीटरचे आकडे पुढे पाठवणारी पेटी, घेतला होता. मीटरचे आकडे त्या पेटीतून त्याच्या सर्व्हरवर जात आणि वार्षिक वर्गणी भरून आम्ही आमचेच आकडे पाहत असू. त्याने ती सेवा बंद केली, तेव्हा पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला, पण आत काय चालले आहे हे पाहण्याचा मार्ग उरला नाही. पुढचे काम खुल्या मानकांवर (कोणालाही वाचून वापरता येणाऱ्या नियमांवर) आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअरवरच (ज्याचा कोड कोणालाही पाहता येतो) करायचे, हे त्या वेळी ठरले. या दोन गोष्टी एकच आहेत असा माझा समज होता आणि तो मोडायला दोन आठवडे लागले.

सहाही मीटरांना आरएस-४८५ चे, म्हणजे तारेवरून आकडे पाठवण्याच्या जोडणीचे, टर्मिनल होते आणि सगळे मॉडबस ही यंत्रांची भाषा बोलत होते. मॉडबस हे मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली आणलेले, आज सर्वांना खुले असलेले मानक आहे. त्यामुळे तारा जोडल्या की काम झाले, असे मला वाटले. पहिल्या दिवशी एकही मीटर उत्तर देईना. आमच्या वायरमनने प्रत्येक मीटरपासून पॅनेलपर्यंत स्वतंत्र केबल आणली होती. आरएस-४८५ ला मात्र एका मीटरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी एकच सलग तार आणि तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लागतो. त्यात एका कंपनीचे ‘ए’ टर्मिनल म्हणजे दुसऱ्या कंपनीचे ‘बी’ निघाले. भट्टी पेटली की होणारा विद्युत गोंगाट वेगळाच. शील्डेड केबल टाकून तिचे कवच एकाच टोकाला जमिनीशी जोडल्यावर (अर्थिंग केल्यावर) तो आटोक्यात आला. पॅरिटीची (चूक ओळखण्यासाठी जोडलेल्या बिटाची) सेटिंग जुळवून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सहाही मीटर एका तारेवर आले.

मग आकडे पाहिले. मीटरच्या तोंडावर २३१.४ व्होल्ट दिसत असताना संगणकावर २७ आणि त्यापुढे २२ शून्ये एवढी प्रचंड संख्या येत होती, आणि पुढच्या सेकंदाला ती भलतीकडेच उडी मारत होती. वायरमन शांतपणे म्हणाला, “साहेब, मीटर बरोबर हाय, तुमचा कॉम्प्युटरच येडा झालाय.” त्याचे खरे होते.

पहिली चूक सोपी होती. पुस्तिकेतील रजिस्टरचा, म्हणजे मीटर आकडा ठेवतो त्या कप्प्याचा, क्रमांक १ पासून सुरू होतो आणि तारेवरून जाणारा पत्ता ० पासून, त्यामुळे एकाचा फरक पडतो. ती सुधारूनही आकडे वेडेवाकडेच राहिले. सुगावा लागला तो सीटीच्या (मोठा प्रवाह मीटरला मोजता येईल इतका लहान करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) प्राथमिक प्रवाहामुळे. तो आम्ही मीटरमध्ये ४०० अँपियर भरला होता आणि संगणकावर तो न चुकता शून्य दिसत होता. एमबीपोल नावाच्या ओपन सोर्स साधनाने कच्ची रजिस्टरे वाचली, तेव्हा आधी ० आणि मग १७३५२ असे दोन आकडे आले. मॉडबसचे रजिस्टर १६ बिटांचे असते. दशांश संख्येला ३२ बिट, म्हणजे दोन रजिस्टरे लागतात, आणि त्यांतले कोणते आधी पाठवायचे हे मानकात लिहिलेलेच नाही. ४०० ही संख्या योग्य क्रमाने मांडली की १७३५२ आधी येतो आणि ० नंतर. आमचा मीटर उलट पाठवत होता.

याचे उत्तर मानकाच्या पानांत मिळाले नाही, ते कोडमध्ये मिळाले. लिबमॉडबस या ओपन सोर्स लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) दशांश संख्या वाचण्यासाठी तिच्या चार बाइटांच्या क्रमानुसार चार वेगवेगळी फंक्शने आहेत : एबीसीडी, बीएडीसी, सीडीएबी आणि डीसीबीए. जगभरातील उपकरणे बाइटांचा क्रम किती परींनी लावतात, याचा जणू पंचनामाच कोणीतरी तिथे करून ठेवला आहे. आमच्या तीन कंपन्यांपैकी दोन पहिल्या क्रमाच्या आणि एक तिसऱ्या क्रमाची निघाली. बंद पेटीत हा बदल आतच कुठेतरी होत असणार, आणि म्हणूनच ती गेल्यावर आमच्याकडे ज्ञान असे काहीच उरले नव्हते. घरगुती उपकरणांसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या मानकात तपशिलाच्या जोडीला मुक्त परवान्यातील कोडही दिला आहे, याचे मोल मला या फाउंड्रीत कळले. प्रमाणपत्रासाठी तिथे सदस्यत्व आणि पैसे लागतात, हे खरे असले तरी.

आकडे पडद्यापर्यंत नेण्यासाठी एमक्यूटीटी हे निरोप पोहोचवण्याचे मानक निवडले. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवरील उपकरणांचे निरोप उपग्रहामार्गे कमीत कमी बाइटांत पाठवण्यासाठी ते रचले. २०१४ मध्ये ते ओएसिस या मानक ठरवणाऱ्या संस्थेचे आणि २०१६ मध्ये आयएसओचे मानक झाले. निरोप घेऊन हव्या त्या पडद्याला देणारा दलाल म्हणून मॉस्किटो आणि जोडणीसाठी नोड-रेड, दोन्ही ओपन सोर्स. एमक्यूटीटीसुद्धा निरोप पोहोचवते, निरोपात काय लिहावे ते सांगत नाही. ती उणीव भरून काढणारे स्पार्कप्लग हे मानक आहे, पण सहा मीटरांसाठी मला ते जड वाटले, म्हणून विषयांची (निरोपांच्या शीर्षकांची) नावे, एकके आणि वेळेची मांडणी ठरवणारे एक पान आम्हीच लिहिले आणि ते पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले.

इथे एक चूक सर्वस्वी माझी. नवा पडदा उघडताच आकडा दिसावा म्हणून मी दलालाकडे शेवटचा निरोप जपून ठेवण्याची सोय चालू केली होती. एका रात्री आमच्या नव्या गेटवेचा वीजपुरवठा ट्रिप झाला आणि पडद्यावर पूर्ण पाळीभर तोच जुना आकडा राहिला. पर्यवेक्षकाने त्यावर विसंबून शॉटब्लास्ट सुरू केले. त्यानंतर मी एमक्यूटीटीमधील अखेरच्या निरोपाची तरतूद वापरली : गेटवे निरोप न घेता गेला की त्याच्या नावाने ‘बंद’ हा संदेश दलाल स्वतःच पाठवतो आणि आकडा राखाडी होतो. ही सोय मानकात होतीच, मीच ते पान ओलांडून पुढे गेलो होतो.

कॉम्प्रेसर मात्र जमला नाही. त्याच्या कंट्रोलरला आरएस-४८५ आहे, पण आतील भाषा निर्मात्याची स्वतःची असून रजिस्टरांचा तक्ता द्यायला त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्याचा दाब आणि तापमान अजून वहीत लिहावे लागते. वीज तेवढी बाहेरच्या मीटरवरून कळते.

नव्या कॉम्प्रेसरच्या खरेदी आदेशात मी एक अट घातली : मॉडबसचा संपूर्ण तक्ता यंत्रासोबत मिळाला पाहिजे, अन्यथा शेवटचा हप्ता थांबेल. तक्ता दोन दिवसांत आला. त्यात बाइटांचा क्रम लिहिलेला नव्हता, म्हणून त्याच दुपारी मी पुन्हा फोन लावला.