सरांचा अजिंक्यतारा

शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका निघतेय, मनोगत पाठव, असा आपल्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला आणि लगेच चार जणांनी विषयपण सुचवले, गॅदरिंगवर लिही, स्पोर्ट्सवर लिही, डब्यांवर लिही. मला ड्रॉइंगचे सर सोडून दुसरं काही सुचेचना. नाव लिहायची गरज नाही, आपल्या शाळेत ड्रॉइंगचे सर म्हणजे एकच. बाकीच्या सरांनी आणि बाईंनी राग मानू नये, गणित-सायन्स तुम्ही घोटून घेतलं म्हणून नोकरी लागली हे मान्यच आहे, पण त्या नोकरीत गावोगाव फिरताना खिडकीबाहेर बघायला सरांनी शिकवलं, आणि आता या वयात मला ते जास्त कामाचं वाटतं.

आठवीला आपला वर्ग वरच्या मजल्यावर होता, जिन्याशेजारचा. खिडकीतून समोर अजिंक्यतारा. सरांनी जूनमध्येच सांगून टाकलं की प्रत्येक महिन्याच्या पहिल्या ड्रॉइंगच्या तासाला हाच डोंगर काढायचा, पाव कागदावर, खोडरबर दप्तरात ठेवून आणि काळा रंग पेटीत बंद करून. आम्हाला वाटलं सरांना शिकवायचा कंटाळा आलाय. इंटरमिजिएटला बसलेली मुलं तर वैतागलीच, त्यांना वस्तुचित्र आणि स्मरणचित्राची प्रॅक्टिस हवी होती, हा डोंगर परीक्षेत कोण विचारणार. जूनला सगळ्यांनी सॅप ग्रीन थापला. सर बाकांमधून फिरत होते, म्हणाले, "हिरवा कुठं आलाय रे अजून, मातीवर नुसती झाक आलीय, नीट बघा की."

आणि मग जुलै. साताऱ्याचा जुलै आपल्याला काय सांगायचा, त्या दिवशी डोंगरच नव्हता. तळ नाही, तटबंदी नाही, वरचा टीव्हीचा टॉवर नाही, खिडकीबाहेर सगळं एकसारखं. आमच्यातल्या एकाने (आता मोठं दुकान आहे त्याचं, हे वाचून हसेल) कोरा कागद सही करून सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, सर झालं. वर्ग खिदळला. आता हा पट्टी खाणार असं आम्ही धरून चाललेलो. सरांनी कागद उचलला, खिडकीशी गेले, हात लांब करून तो कागद बाहेरच्या ढगासमोर धरला आणि म्हणाले, "बघा." बस एवढंच. कागद पांढराशुभ्र होता आणि त्याच्या मागचा ढग अजिबात पांढरा नव्हता. राखाडी होता, खालच्या बाजूला जरासा पिवळट, आणि मधे जिथे डोंगर असायला हवा होता तिथे अगदी किंचित निळसर आणि दाट. तोपर्यंत आमच्या कुणाच्या डोळ्याला ते दिसलं नव्हतं, कागद शेजारी आला म्हणून दिसलं. मग त्याच कागदावर सरांनी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी पाण्यात कालवून एक राखाडी केला, काळा न वापरता राखाडी होतो हे तेव्हा कळलं, आणि दोन हात दिले, एक सगळीकडे, दुसरा ओला असतानाच मधल्या भागावर. डोंगर न दिसता डोंगर आला. तेवढ्यात खरंच वारा सुटला आणि टॉवरचं टोक क्षणभर उघडं पडलं, तर अख्खा वर्ग मॅचमध्ये विकेट पडल्यासारखा ओरडला, शेजारच्या वर्गातून बाई आल्या काय झालं म्हणून. सरांनी त्यांना सांगितलं, काही नाही, किल्ला दिसला. बाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

पुढचे महिने मग मजा यायला लागली. ऑक्टोबरात गवत सोनेरी व्हायला लागायचं. डिसेंबरात डोंगर निळा का दिसतो हे सरांनी विचारलं तेव्हा कुणालाच येईना, भूगोलातल्या हुशार मुलांनापण नाही. किल्ला गावाच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्याला दिसते ती त्याची उत्तरेची बाजू, आणि दक्षिणायनात सूर्य डोंगराच्या पलीकडून जातो, मग आपल्याकडची उतरण दिवसातला बराच वेळ सावलीत. म्हणून थंडीत निळा. दक्षिणायन पुस्तकात वाचलेलं, ते असं समोर उभं असतं हे ड्रॉइंगच्या तासाला कळलं. मार्चला वणव्याचे काळे पट्टे, तेव्हा कुणीतरी विचारलंच की सर आता तरी काळा काढू का, तर म्हणाले जळलेलं गवत पण काळं नसतं.

औंधची सहल आठवत असेल सगळ्यांना. साताऱ्यापासून चाळीसेक किलोमीटर, यमाईच्या डोंगरावरचं ते म्युझियम, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उघडलेलं. सूर्यनमस्कारवाले राजे हे माहीत होतं, पण ते स्वतः चित्रकार होते आणि सगळं रामायण त्यांनी चित्रांत काढलेलं हे सरांनी सांगितलं. तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, कॅलेंडरवरची नव्हेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल हे लहानसं दगडी शिल्पपण आहे. खटाव तालुक्यातल्या डोंगरावर हेन्री मूर, पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. दुसऱ्या शाळेची मुलं सगळी दालनं धावत बघून बाहेर भेळ खात होती आणि आम्हाला सरांनी रविवर्म्याच्या एकाच चित्रासमोर उभं केलेलं, आधी लांबून बघा, मग जवळ जाऊन, मग परत लांबून. जवळून जरीचा काठ म्हणजे नुसते पिवळे-तपकिरी ठिपके, लांबून चकाकती जर. पोटात कावळे ओरडत होते, शिव्या घातल्या सरांना मनातल्या मनात.

मी पुढे फार्मा लाइनला गेलो, एमआर म्हणून सुरुवात, आता झोनल मॅनेजर आहे, निम्मा महाराष्ट्र माझ्याकडे येतो. सांगायचं एवढ्यासाठी की एवढं फिरूनही कंटाळा आला नाही. कराडवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं तर मे अखेरीला पाटणपर्यंत नुसता ऊस आणि धूळ, कोयनानगर मागे टाकलं की हवा ओली, आणि खाली जांभ्या दगडाच्या गडग्यांवर पहिल्या सरीनंतर आठवडाभरात शेवाळ धरलेलं. कुडाळला डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढे ढकलली गेली म्हणून एकदा पिंगुळीला गेलो, तिथे ठाकर समाजातले लोक चित्रकथीची चित्रं दाखवत गोष्ट सांगतात. त्या चित्रातले डोळे एवढे मोठे का, तर रात्री दिव्याच्या उजेडात लांबून दिसायला हवेत म्हणून असावेत, हा आपला माझा अंदाज, औंधला ते लांबून-जवळून बघितलेलं डोक्यात होतं म्हणून सुचला.

सर आता मुलाकडे कोल्हापूरला असतात, फारसं बाहेर पडणं होत नाही. फोन केला की तब्येतीचं विचारू देत नाहीत, "कुठं आहेस, काय फुललंय" हाच पहिला प्रश्न. एकदा मार्चमध्ये वर्धा-यवतमाळ रस्त्यावर होतो, म्हटलं सर पळस फुललाय, भगवा नुसता. तर म्हणाले भगवा म्हणून मोकळा होऊ नकोस, खाली उतर आणि बघून सांग. ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. पाकळी केशरीच, पण तिच्या बुडाची वाटी मखमलीसारखी, जवळजवळ काळी, म्हणून लांबून झाड नुसतं केशरी दिसत नाही, त्यात एक खोल तांबूस छटा येते. सांगितलं. सर म्हणाले, हां, आता बरोबर. झोनल मॅनेजरला एवढा आनंद टार्गेट पूर्ण झाल्यावर पण होत नाही.

पुण्यात घराजवळ वेताळ टेकडी आहे, रविवारी जातो. फेब्रुवारीत तिथे गिरिपुष्प गुलाबी फुलतो, निसर्गप्रेमी मंडळी त्याच्यावर चिडतात की बाहेरून आणून लावलेलं झाड, त्याच्याखाली गवत पण नीट येत नाही, त्यांचं बरोबर आहे. पण फुलतं तेव्हा बघावं लागतंच, काय करणार. लेकीला हे सगळं लहानपणापासून सांगून सांगून पकवलं, ती आता मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टला पेंटिंग करतेय, म्हणजे सरांची नातच म्हणायची.

मध्ये शाळेत येऊन गेलो. नवी विंग झालीय, कॉम्प्युटर लॅब छान आहे, पण आपल्या वर्गाच्या खिडकीतून आता पलीकडच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते, डोंगराचा फक्त डावा कोपरा. ड्रॉइंगचा तास कधी असतो विचारलं तर आठवीतला मुलगा म्हणाला, ऑफ तास असला की. हायवेवरचे वड गेले तेव्हा वाईट वाटलं होतं, पण रस्ता हवाच होता असं मनाला समजावता आलं, इथे तसं काही समजावता येईना.

एक प्रस्ताव आहे. गच्चीवरून किल्ला अजून पूर्ण दिसतो. दोन बाकडी, वर पत्रा आणि मुलांसाठी रंगाच्या पेट्या, एवढा खर्च आमची बॅच करेल, वर्गणीचं ग्रुपवर ठरलंय. शाळेने फक्त टाइमटेबलमध्ये आठवीचा तास पक्का करावा. आणि समितीला आणखी एक, मेळावा डिसेंबरात ठेवलाय ते ठीक, हॉल तेव्हाच मिळतो, पण पुढच्या वर्षी सप्टेंबरात ठेवा. सकाळी कासला जाऊ, तेरडा आणि सीतेची आसवं एकाच वेळी फुललेली असतात, ऑनलाइन पास मात्र आधी काढावे लागतात, शनिवार-रविवार धरू नका, तुफान गर्दी असते. सरांना आणायची गाडी माझी, कोल्हापूरहून पहाटे निघालो तर आरामात पोचतो.