कंपनीच्या पश्चात

आपल्याकडे वर्तमानपत्रात निधनवार्ता येते तेव्हा शेवटची ओळ ठरलेली असते: त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे. सायकल बनवणारी कंपनी दिवाळखोरीत निघते तेव्हा अशी ओळ कुणी छापत नाही. परिवार मात्र मागे राहतोच. त्यातली एक सध्या माझ्याकडे, जर्मनीत फ्रायबुर्गला आहे. इलेक्ट्रिक माउंटन बाइक. पुढेमागे सस्पेन्शन, पॅडलच्या मध्यात मोटर, फ्रेमच्या खालच्या जाड नळीत बॅटरी, आणि वजन एवढं की जिन्यावरून चढवताना होणारा आवाज ऐकून शेजारच्या आजी दार उघडून बघतात.

कंपनीचं नाव घेत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. शिवाय ती एकटी गेलेली नाही. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, युरोप-अमेरिकेत ज्याला त्याला सायकल हवी होती. कंपन्यांनी हात सैल सोडून ऑर्डरी दिल्या. माल यायला वेळ लागला, आणि तो गोदामात येऊन पडला तेव्हा लोक पुन्हा विमानाने फिरायला लागले होते. मग सेल, मग आणखी मोठा सेल, मग कोर्ट. ॲम्स्टरडॅमची व्हॅनमूफ जुलै २०२३ मध्ये दिवाळखोर ठरली. कॅनडाच्या रॉकी माउंटनने डिसेंबर २०२४ मध्ये धनकोंपासून संरक्षण मागितलं. जुलै २०२५ मध्ये जर्मनीतल्या वायटी इंडस्ट्रीजने दिवाळखोरीचा अर्ज केला. यातल्या काहींना पुढे नवे मालक मिळाले. माझ्या सायकलवाल्यांना कुणी विचारलं नाही.

मला फक्त एक पत्र आलं. कोर्टाने नेमलेल्या वकिलाचं, अत्यंत सभ्य भाषेतलं. वॉरंटीचा काही दावा असेल तर तो धनकोंच्या यादीत नोंदवावा, असं त्यात होतं. सायकल मी थेट कंपनीकडून मागवलेली, त्यामुळे मध्ये कुणी दुकानदारही नव्हता, ज्याच्या दारात जाऊन उभं राहावं. दावा नोंदवला. बँका, टायरवाले, गोदामवाले आणि मी. एवढ्या मोठ्या माणसांच्या पंगतीत मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो. ताटात काय पडणार ते सगळ्यांनाच माहीत होतं.

व्हॅनमूफवाल्यांची पंचाईत वेगळी होती. त्यांच्या सायकली फोनवरच्या ॲपशी बांधलेल्या, आणि त्यासाठी लागणारी डिजिटल किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून यायची. सर्व्हर बंद पडला तर दारातली स्वतःची सायकल परकी. तेव्हा त्यांच्या बेल्जियन स्पर्धकांनी, काउबॉय या कंपनीने, ती किल्ली आपल्या फोनमध्ये उतरवून ठेवायचं छोटं ॲप काही दिवसांत करून दिलं. बुडणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याने हात दिला याचं मला खरंच कौतुक आहे. माझी सायकल सुदैवाने इतकी शहाणी नाही. तिचं ॲप आता लॉगिनच्या पानावर गोल गोल फिरत बसतं. मोटर किती जोर लावेल हे ज्या दिवशी शेवटचं ठरवलं होतं, तेवढाच जोर ती आता कायम लावणार. चालतंय.

बाकीची सायकल उघडायला लागलो तेव्हा मजा आली. मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांत बेअरिंग असतात, चिखलपाण्याने ते करकरायला लागतात. मला वाटलं होतं, संपलं, हे कुठून आणायचे? काढून पुसले तर कडेच्या रबरी सीलवर नंबर: ६९०२ २आरएस. म्हणजे आतला व्यास १५ मिलिमीटर, बाहेरचा २८, जाडी ७, दोन्ही बाजूंना रबर. हा नंबर जगातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात सांगा, माणूस मान वर न करता खोक्यातून काढून देतो. चेन बारा गिअरची, बाजारातली. ब्रेकचे पॅड बाजारातले. मोटरसुद्धा एका मोठ्या पुरवठादाराची, ती अजून कुठल्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये उघडली जाते. ८५ न्यूटन-मीटरचा जोर आणि वर माझे पाय, यामुळे चेन साध्या सायकलीपेक्षा फार लवकर ताणली जाते, म्हणून मापपट्टी घेऊन बसतो आणि अर्धा टक्का ताण दिसला की बदलतो. न बदलली तर ती मागची चक्रं खाते, आणि ती चेनच्या कितीतरी पट महाग.

तर कंपनीने जे जे चारचौघांसारखं केलं होतं, त्याला काही झालेलं नाही. अडलं ते तिने जिथे जिथे स्वतःची हुशारी दाखवली तिथे.

पहिली हुशारी गिअरच्या हँगरची. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा डिरेलर ज्यावर लटकतो तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. दगडावर आदळलो तर महागडी फ्रेम न मोडता हा मोडावा, म्हणून तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. प्रत्येक कंपनीचा हँगर वेगळा, हे सायकल धंद्यातलं जुनं पाप. गिअर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये सगळ्यांना चालेल असा एक हँगर काढला आणि बऱ्याच कंपन्यांनी तो घेतला. आमच्या कंपनीने स्वतःचा वेगळाच केला, दिसायला सुबक, अगदी दागिन्यासारखा. तो इथल्या रॉसकोफ डोंगराच्या उतारावर मोडला.

मोडके तुकडे धाकट्या भावाकडे पाठवले. तो भोसरीला असतो, आणि भोसरीत नमुना दाखवला की पार्ट काढून देणारी माणसं आहेत. त्याच्या ओळखीच्या कारखानदाराने तुकडे जोडून मापं घेतली, ड्रॉइंग केलं, आणि व्हिडिओ कॉलवर मला म्हणाला, "साहेब, हे फारच नाजूक आहे. स्टीलमध्ये करून देतो, आयुष्यात मोडणार नाही." मी म्हटलं, मोडायलाच पाहिजे. तो थोडा वेळ गप्प. ज्या माणसाने उभा जन्म मोडू नयेत असे पार्ट बनवले, त्याला हे पटवायला मला फ्रेमचा फोटो, हँगरची जागा आणि फ्रेमची किंमत असं सगळं क्रमाने सांगावं लागलं. किंमत ऐकल्यावर पटलं. व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटाई मशीनवर, पाच नग काढले. मूळ तुकड्यापेक्षा सरस निघाले. कडा तेवढ्या मी कानशीने मारून घेतल्या.

हे सगळं ऐकून साताऱ्याहून बाबा म्हणाले, "इकडे घेऊन ये रे, राजवाड्यापाशी ओव्हरऑइलिंग करून देतील." त्यांची ॲटलस अजून चालते. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. बाबांच्या सायकलला ते कुणी कळवलं नाही. तिला लागणारे कोन, छर्रे, फ्रीव्हील, स्पोक लुधियानाहून येतात ते ॲटलसला बसतात तसे दुसऱ्या कुठल्याही काळ्या सायकललाही बसतात. चाकाचा आउट काढायला कुणाची परवानगी लागत नाही. त्या सायकलीत हुशारी अशी काहीच नाही. चढ आला की बाबा उतरून चालतात, आणि याला ते दोष मानत नाहीत.

मी मात्र माझी सायकल साताऱ्याला नेऊ शकत नाही, कारण बॅटरी. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांवरची बॅटरी चढवू देत नाहीत, आणि ही ६३०ची. खरं दुखणं तेच आहे. आत साध्या २१७०० आकाराच्या लिथियम पेशी, एकामागे एक दहा जोडलेल्या, पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट. त्यात गुपित काही नाही. पण खोकं कंपनीने स्वतःच्या नळीच्या वळणात बसेल असं घडवलेलं, आणि आतलं नियंत्रण सर्किट मोटरशी ठरलेल्या भाषेत बोलल्याशिवाय वीज सोडत नाही. दुसरी बॅटरी बसत नाही, आणि कशीबशी बसवली तरी मोटर तिला ओळख देत नाही. जुन्या खोक्यात नव्या पेशी भरून देणारी दुकानं इथे आहेत. पण पेशी काढताना क्षणभर वीज तुटली तर काही सर्किटं कायमची कुलूप लावून घेतात, आणि लिथियमची आग काय असते ते पाहिलेला माणूस घरच्या टेबलावर हा प्रयोग करत नाही.

युरोपच्या नव्या बॅटरी कायद्यात यावर उत्तर आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा वाहनांची बॅटरी कुठल्याही स्वतंत्र कारागिराला काढता-बदलता आली पाहिजे, सॉफ्टवेअरने आडवं येता कामा नये, आणि शेवटची गाडी विकल्यावरही पाच वर्षं सुटी बॅटरी मिळाली पाहिजे. कायदा उत्तम आहे. फक्त तो पाळायला कंपनी जिवंत हवी.

तोवर बॅटरीची मी जी बडदास्त ठेवतो ती घरात चेष्टेचा विषय आहे. हिवाळ्यात ती वर, माणसांत असते. अर्धी भरलेली. गोठवणाऱ्या थंडीत फिरून आलो तर लगेच चार्जिंगला नाही, आधी खोलीच्या उबेला येऊ द्यायची. "माझा चहा कधी असा विचारपूर्वक ठेवलास का?" असं बायकोने विचारलं, त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

मागच्या महिन्यात स्टुटगार्टजवळच्या गावात याच मॉडेलची एक सायकल विकायला निघाली. फ्रेमला तडा गेलेला, बॅटरी ठणठणीत. मी ट्रेनने गेलो. मालक निवृत्त गृहस्थ, बोलायला उत्सुक. बॅटरीचे दर महिन्याचे व्होल्ट त्यांनी वहीत लिहून ठेवले होते, तेव्हाच आमचं जमणार हे कळलं. किमतीची घासाघीस मात्र ते मानेनात. म्हणाले, बायकोकडेही हीच सायकल आहे, तुमच्याकडे हँगर असेल तर दोन द्या, वीस युरो सोडतो. पिशवीत भोसरीचे दोन होतेच. त्यांनी नखाने कड तपासली, भिंगातून पाहिलं, आणि हे कुठल्या कारखान्याचं म्हणून विचारलं. त्यांच्या ओळखीत आणखी तिघांना हवेत म्हणे. भावाला सांगितलं, तर कारखानदार म्हणतो आता पंचवीसच्या खाली जॉब लावणार नाही, सेटिंगचाही खर्च सुटत नाही. पंचवीस हँगरांचं काय करायचं याचा हिशोब सध्या चालू आहे.