सांत आनाच्या भिंतीतली वाट

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील तळावली गावच्या सांत आना चर्चचे मोजमाप घेण्याचा तो आमचा दुसरा दिवस होता, आणि सकाळपासून एक हिशेब काही केल्या जुळत नव्हता. मुख्य दालनाची बाहेरून घेतलेली रुंदी आणि आतली रुंदी यांची वजाबाकी केली, की बाजूच्या भिंती इतक्या जाड निघत, की जांभ्याच्या बांधकामातही ते मला पटेना. फीत सैल धरली असेल, असे म्हणून मी सहाय्यकाला दोनदा पुन्हा मोजायला लावले आणि आकडा तोच आल्यावर त्याच्यावर उगाच चिडलो.

आमची धडपड पाहत असलेल्या, चर्चची देखरेख करणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी अखेर सांगितले, की भिंत भरीव नाहीच. त्यांच्यामागोमाग वर गेलो, तर भिंतीच्या पोटातून माणूस सहज चालू शकेल अशी वाट निघाली. कोणाच्या नजरेस न पडता पापनिवेदनासाठी जाता यावे, म्हणून ती ठेवली असे सांगतात. वरच्या अर्धगोल छताचा भार पेलण्याइतकी जाडी हवीच होती आणि दगड मात्र वाचवायचा होता, हेही कारण असावे, असे माझ्यातल्या वास्तुविशारदाला वाटले.

मॉन्सिन्योर फ्रान्सिस्कु दु रेगु यांनी १६८१ मध्ये सुरू केलेले हे काम आंतोनियु फ्रान्सिस्कु द कुन्या यांनी १६९५ मध्ये पूर्ण केले. त्या वाटेवरच्या एका झरोक्यातून मुख्य वेदी प्रथमच वरून दिसली. अशा वेदीच्या लाकडावर आधी खडू-सरसाचे थर, त्यावर तांबूस मातीचा लेप आणि मग सोन्याचा वर्ख चढवून तो अकीकाने घोटतात; जिथे वर्ख झिजतो तिथे ती तांबूस छटा डोकावते, आणि मला नव्या झळाळीपेक्षा तीच अधिक आवडते. वेदी ज्या सांत आनाची, ती मारियेची आई, म्हणजे येशूची आजी. जुलैअखेरच्या तिच्या फेस्ताला अपत्यासाठी नवस करणारी जोडपी तवशी, म्हणजे काकड्या, अर्पण करतात, आणि त्या रांगेत केवळ ख्रिस्तीच नसतात, असे त्या गृहस्थांनी उतरताना आवर्जून सांगितले.

संध्याकाळी नकाशावरची भिंतीची भरीव काळी पट्टी खोडून मी तिथे दोन पातळ पट्ट्या काढल्या, मधली जागा कोरी ठेवली, आणि सहाय्यकाची माफी मागितली.